राखलेला श्वास

"आधी नुसतं करून दाखवा, आजोबा. नळीशिवाय. छाती भरून श्वास घ्यायचा, आणि समोर पणत्यांची रांग आहे, ती एका फुंकरीत विझवायची असं समजून सोडायचा."

"पणत्या कुणी विझवतं का गं पोरी?" अण्णा म्हणाला. "आम्ही देवळातली माणसं. आमच्याकडनं असलं पाप करून घेऊ नकोस."

"बरं, मग चूल पेटवायचीय असं समजा. ओली लाकडं आहेत."

"हां. हे जमंल."

अण्णानं गुडघ्यांवर हात ठेवले, पाठ ताठ केली, आणि फुंकर मारली. समोरच्या भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्याचं पान उचललं गेलं, आणि परत भिंतीला टेकायला त्याला बराच वेळ लागला. श्वास तपासणारी ती मुलगी यंत्राला नवी नळी बसवायला पाठमोरी वाकली होती. मान न वळवताच म्हणाली, "हां, अस्संच. आता हेच नळीतून करायचं."

ते उडालेलं पान त्या खोलीत मी एकट्यानं पाहिलं.

गोष्ट मिरजेतल्या एका दवाखान्यातली. नऊ वर्षं झाली.

आम्ही कृष्णाकाठचे गुरव. सिद्धनाथाच्या देवळाच्या दरवाजावर नगारखाना आहे. पहाटेच्या आरतीला तिथं बसून सनई वाजवायची, हे आमच्या घराकडं चालत आलेलं काम. नगारा गावानं आता मोटारीवरचा आणलाय, बटण दाबलं की बडवत सुटतो. सनईला मात्र अजून माणूसच लागतो. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ जगन्नाथ, सनई वाजवायचा. मी त्याच्या डाव्या हाताला बसून सूर धरायचा. दुसऱ्या सनईतून एकच स्वर, आरती संपेपर्यंत न तुटता. सनई उडते, गिरक्या घेते, रुसते, परत येते. सुरानं जागचं हलायचं नाही. बत्तीस वर्षं मी एकच स्वर वाजवला. मला दुसरं काही येत नाही.

आमच्या वडलांनी दोघांना एक गोष्ट छडी हातात घेऊन शिकवली. गाल फुगलेले ठेवायचे, गालातला वारा सनईत जाताजाता नाकानं नवा श्वास ओढायचा, आणि काही झालं तरी छातीचा तळ उघडा पडू द्यायचा नाही. तळातला श्वास राखायचा. मी सात वर्षांचा असेन. ते माझ्या पोटावर तळहात ठेवून वाजवायला लावत आणि आत किती उरलंय ते बघत. कमी उरलं की पोटरीवर छडी. "तळातला श्वास देवाचाबी न्हाई," म्हणायचे. "तो घरच्यांचा."

वहिनी ह्या घरात आल्या त्या वर्षीच त्यांनी ते ओवीत बांधलं. आम्ही वर वाजवत असताना त्या खाली देवळाचं अंगण झाडायच्या, आणि केरसुणीच्या तालावर गायच्या:

पहाटंच्या गं पारी, सनई देती साद
देवाच्या गं दारी, माझ्या कंथाचा गं नाद

अर्धा गं श्वास, कंथ वाहतो देवाला
अर्धा गं राखितो, घरी कौसल्येला

कौसल्या म्हणजे त्याच. गावातल्या बायका ह्या ओवीवरून त्यांची थट्टा करायच्या. त्या लाजायच्या, पण गायच्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाजवता वाजवता अण्णाला दम खायचा असला की तो माझ्याकडं बघायचा. मान हलत नसे, भुवई हलत नसे. नुसती नजर डावीकडं यायची आणि माझ्यावर थांबायची. त्याचा अर्थ एकच होता. धरून ठेव, सोडू नकोस. मग सनई थांबायची, आणि अंधारात नुसता माझा सूर उभा राहायचा, ती परत येईपर्यंत. बत्तीस वर्षांत ती नजर आली आणि मी सूर सोडला, असं एकदाही घडलं नाही.

त्या वर्षी अण्णाला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्याच्याआधी छातीचा फोटो काढला, तर उजव्या बाजूला वरती डाग निघाला. मग मोठ्या यंत्रातले फोटो, मग सुई घालून तुकडा काढणं. हर्निया बाजूलाच राहिला. डॉक्टर भोकरे म्हणून होते, हळू बोलणारे, बोलताना पेनानं कागदावर चित्र काढणारे. त्यांनी फुप्फुसाचं चित्र काढलं.

"उजव्या फुप्फुसाला तीन पाकळ्या असतात. तुमची गाठ वरच्या पाकळीत आहे. बोराएवढी. कॅन्सर आहे, पण लवकर हाती लागलाय. फोटोत तरी दुसरीकडं कुठं दिसत नाही."

वहिनींनी पदराचं टोक दातात धरलं. अण्णा चित्राकडंच बघत होता.

"ह्याला दोन वाटा आहेत," डॉक्टर म्हणाले. "पहिली, ऑपरेशन. वरची पाकळी काढायची, आणि छातीच्या मधल्या ज्या गाठी असतात त्याही काढून तपासायच्या. माणूस ऑपरेशन सोसण्यासारखा असला, तर आम्ही हीच वाट सांगतो. दुसरी, किरणं. गाठीवर नेम धरून मोजून पाच वेळा द्यायची. ज्यांचा श्वास ऑपरेशनला पुरत नाही त्यांच्यासाठी ती वाट आहे. तिनंही पुष्कळांचं चांगलं होतं. पण मधल्या गाठी हातात घेऊन बघता येत नाहीत."

"पाकळी काढल्यावर वाजवता येईल?" अण्णानं विचारलं.

"काय वाजवता तुम्ही?"

"सनई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बोलाल, चालाल, शेतात जाल. सनईचं मला माहीत नाही. दमसास कमी होणार, एवढं नक्की. खोटा धीर देत नाही तुम्हाला."

बाहेर आवारात लिंबाखाली बाक होता. वहिनींनी डबा सोडला, पण कुणी हात घातला नाही.

"कापून घ्यायचं," वहिनी म्हणाल्या. "मला माणूस पाहिजे. सनई खुंटीला टांगून ऱ्हाती. माणूस टांगता येत न्हाई."

"कौसल्ये, श्वास नसलेल्या गुरवानं करायचं काय? देवळाच्या दारात बसून चपला राखायच्या?"

"राखा की. मीबी बसते जोडीला. डावा जोड तुमच्याकडं, उजवा माझ्याकडं."

अण्णा हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि वहिनींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली; खोकला थांबल्यावरही तो हात थांबला नाही.

"बरं," अण्णा म्हणाला. "उद्या श्वासाचं यंत्र हाय म्हणत्यात. यंत्र सांगंल ते. श्वास पुरतोय म्हणालं तर कापू दे."

"देवाची आण?"

"सिद्धनाथाची आण."

माझं मत दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हे मला त्या बाकावर तरी ठाऊक नव्हतं. माझी बायको बाळंतपणात गेली तेव्हापासून मी वहिनींच्या हातचं खातो आणि अण्णाच्या डावीकडं बसतो. माझ्या सुरावर चढून वाजवणारा नसला, तर तो सूर म्हणजे काय? दार उघडं राहिल्यावर वारा घोंघावतो, तसलं काहीतरी.

तर दुसऱ्या दिवशी ती खोली. रेश्मा मुजावर असं त्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. वहिनी पडद्याबाहेर बाकावर. मी आत, अण्णाच्या डाव्या हाताला. सवयीनं मी तिथंच जाऊन बसलो होतो.

तिनं अण्णाच्या नाकाला चिमटा लावला. अण्णानं नळी ओठांत धरली. ओठ नळीवर मिटले, गाल किंचित भरले, हनुवटी खाली आली. मी बघत होतो. सनई धरताना अगदी असंच व्हायचं.

"मोठ्ठा श्वास आत... आणि मारा! मारा मारा मारा मारा! अजून, अजून, अजून! सोडू नका, अजून!"

बाहेरून वहिनींनी पडदा सारून डोकावलं, कुणाला काय झालं म्हणून.

अण्णानं नळी काढली, डोळ्यांतलं पाणी पुसलं. "बैल हाकल्यासारखी वरडतीस की गं पोरी."

"ओरडल्याशिवाय कुणी सोडत नाही, आजोबा. परत एकदा."

दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. माझं लक्ष कॅलेंडरवर नव्हतं आता. अण्णाच्या गळ्याच्या शिरेवर होतं. छाती रिती व्हायला आली की ती शीर तटतटते. बत्तीस वर्षं मी ती शीर बघून माझा श्वास बेतलाय. ती तटतटली नाही. तिन्ही वेळा नाही. तळातला श्वास तळातच होता.

रेश्मानं यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. "तिन्ही रेघा एकीवर एक! एवढं सारखं कुणाचंच येत नाही, आजोबा. लोक प्रत्येक वेळी वेगवेगळं फुंकतात, आम्हाला आठ-आठ वेळा करून घ्यावं लागतं. सारखं आलं म्हणजे खरं. एवढाच दम आहे."

एकसारखा श्वास सोडणं, त्यातच माणसाचा जन्म गेला होता. तिला ते कसं कळावं?

तेव्हा अण्णानं माझ्याकडं बघितलं. नाकावर चिमटा तसाच होता, नळी हातात होती. मान हलली नाही, भुवई हलली नाही. नजर डावीकडं आली आणि माझ्यावर थांबली.

मी धरून ठेवलं.

बोललो नाही. मघाशी कॅलेंडरचं पान उडालं होतं, एवढंसुद्धा नाही. रेश्मानं कागद छापून घेतला, शिक्का मारला, आणि आम्ही पडद्याबाहेर आलो.

कागदावरचा कमी आकडा बघून डॉक्टर भोकरे म्हणाले, "बिडी किती वर्षं ओढली?"

"चाळीस."

"हं. तरी एकदा जिना चढवून बघू. आकडे एकीकडं आणि माणूस एकीकडं, असंही असतं कधीकधी."

एका शिकाऊ डॉक्टरबरोबर अण्णा जिना चढायला लागला. मी मागून. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अण्णानं एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं, आणि पायरीवर बसला. "बास," म्हणाला. "पाय उचलंना."

वहिनी खालून वर बघत होत्या. अण्णाला पाणी पाजायला नेलं, तेव्हा त्यांनी मला खांबाआड गाठलं.

"भावजी, मागच्या महिन्यात तेलाचा डबा खांद्यावर घेऊन नगारखाना चढले होते हे. मी बघितलंय. आणि हितं बसले? खरं सांगा मला. नळीत फुंकर नीट मारली ना त्यांनी?"

त्यांच्या हातात डब्याची पिशवी होती. पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती इतका गुंडाळला होता, की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"मारली की वैनी," मी म्हणालो.

बंद सुटला. बोट परत लाल झालं.

मग किरणं. गावात त्याला लाईट म्हणतात. एक दिवसाआड, मोजून पाच वेळा. अण्णा डोक्यावर हात घेऊन पडायचा, संथ श्वास घ्यायचा, आणि बाहेर येऊन सांगायचा, "काय न्हाई रे. वर यंत्राचं एक डोकं फिरतंय, आपल्याभोवती प्रदक्षिणा घालतंय. मला देवच केलाय." पाचव्या दिवशी आम्ही मिरजेहून सनईच्या तोंडाला लावायच्या नव्या पत्त्या घेऊन घरी आलो.

आणि अण्णा वाजवत राहिला. तीन वर्षं. दर काही महिन्यांनी फोटो व्हायचा, डाग आकसत गेला, त्याची नुसती खूण उरली. त्या तीन वर्षांत अण्णा जसं वाजवायचा, तसं त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. गावातले लोक पायरीवर येऊन बसायचे. खाली केरसुणी चालायची, ओवी चालायची. मी डावीकडं बसून स्वतःला सांगायचो, बरोबर केलंस. ऐक, बरोबर केलंस. ऐकूनही रोज परत सांगावं लागायचं.

चौथ्या वर्षी छातीच्या मधल्या गाठी फुगलेल्या दिसल्या.

मी एकटाच डॉक्टर भोकऱ्यांकडं गेलो. "तेव्हा कापलं असतं तर?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "कापताना त्या गाठीही काढून तपासल्या असत्या. कदाचित तेव्हाच काही सापडलं असतं आणि पुढची औषधं लगेच सुरू केली असती. कदाचित तेव्हा तिथं काहीच नसतं. मला शपथ घालून विचारलंत तरी सांगता येणार नाही. पण तेव्हा कापता येतच नव्हतं, गुरव. श्वासच नव्हता त्यांच्याकडं."

मी मान हलवली आणि बाहेर आलो.

सलाइनमधली औषधं झाली, केस गेले, परत आले, परत गेले. पुढच्या माघात अण्णा घरीच होता. घरात ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरायचं. त्याला आडवं होता येत नसे. मांडीवर दोन उशा घेऊन पुढं वाकून बसायचा. एका दुपारी वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. यंत्राचा आवाज ऐकत अण्णा म्हणाला, "ह्याला बग. ह्याचा सूर तुझ्यापेक्षा पक्का हाय."

"हाय खरा."

"मारुत्या, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी त्या पोरीला सांगितलं का न्हाईस?"

मला आधी कळलंच नाही.

"काय सांगायचं होतं?"

"मी श्वास राखतोय म्हणून." तो दोन शब्द बोलायचा आणि थांबायचा. "सिद्धनाथाची आण घेतली होती. मनात काय बी न्हवतं माझ्या. नुसती फुंकर मारली तवा सगळा श्वास गेला, बघितलंस की तू. पण नळी ओठाला लागली की आत कुणीतरी दार लावायचं. ती पोरगी वरडतीय, मी सोडतोय, सोडतोय, आणि तळ सुटंना. बाबांचा हात पोटावर हाय असं वाटायचं. तीनदा. मला तरी कसं सांगता यावं, माझं मलाच कळंना. म्हणून तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, मारुत्याला दिसतंय. ह्यो सांगंल तिला."

"अण्णा, ती नजर..." मी म्हणालो. "मला वाटलं, धरून ठेव म्हणतोयस."

अण्णा माझ्याकडं बघत राहिला. मग हसायला लागला. हसू खोकल्यात गेलं, मी पाठ चोळली, यंत्राची नळी नाकावर नीट बसवली. खोकला थांबल्यावर तो बोलला.

"अरे, मी काय तिथं वाजवत होतो?"

खिडकीत दाणे टिपायला चिमण्या आल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत होतो, कारण दुसरीकडं कुठं बघता येत नव्हतं.

"मग जिन्यावर का बसलास?"

"तू गप्प ऱ्हायलास. म्हटलं, मारुत्याला सनई पाहिजे. बत्तीस वर्षं माझ्यासाठी एका जागी बसलाय, कधी काय मागितलं न्हाई. म्हटलं, चल, दिली." त्यानं उशीवरचा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. हात पिसासारखा झाला होता. "तीन वर्षं चांगलं वाजवलं का न्हाई?"

"वाजवलंस."

"झालं तर मग. आणि हे कौसल्येला सांगू नकोस. तिला वाटू दे, यंत्रानं सांगितलं."

दारात दळणाची पाटी उतरल्याचा आवाज आला. त्यानंतर नवव्या दिवशी अण्णा गेला. गेला तेव्हा मी डावीकडंच होतो. सगळा श्वास हळूहळू बाहेर आला, शेवटपर्यंत. तळातलासुद्धा. त्या वेळी मात्र कुणी दार लावलं नाही.

पुढं सनई वाजली नाही. भावकीतला कुणी शिकला नव्हता. पण पहाटेचं काम आमचं, म्हणून मी एकटाच वर जाऊन बसायचो, मोटारीचा नगारा सुरू करायचो आणि सूर धरायचो. नुसता सूर. गावाला वाटायचं, देवळात सनई चालूच आहे. खाली वहिनी झाडायच्या. ओवी बंद झाली होती. केरसुणी तेवढी राहिली. वर एक स्वर आणि खाली ती खरखर, अशी आमची आरती व्हायची. एकमेकांचा आवाज ऐकला की दोघांनाही कळायचं, दुसरा आहे. कधीकधी माझी नजर आपोआप उजवीकडं वळायची. तिथं कुणी नाही हे ठाऊक असताना, कुणीतरी माझ्याकडं बघतंय असं वाटायचं. सांग. की धरून ठेव? ते अजून कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा खोकला जाईना. वहिनींनी हट्ट धरला आणि मला मिरजेला घेऊन गेल्या. छातीचा फोटो साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, "एकदा श्वासाची तपासणी करून घ्या."

तीच खोली. कॅलेंडर दुसरं. रेश्मा मुजावर तीच. चष्मा लागला होता, केसांत एक पांढरी बट आली होती. तिनं मला ओळखलं नाही. ओळखावं असं काही नव्हतंच. वहिनी पडद्याबाहेर बाकावर बसल्या होत्या.

तिनं नाकाला चिमटा लावला. मी नळी ओठांत धरली, आणि गाल भरले, आणि पोटावर एक हात आला. खरंच आला. उबदार, खरबरीत.

"मारा मारा मारा मारा! अजून, अजून... काका, नीट सोडत नाही तुम्ही."

मी नळी काढली.

"बाई," मी म्हणालो, "मी सनईवाला हाय. नळी ओठाला लागली की आमच्याकडनं सगळा श्वास सुटत न्हाई. तळातला राखला जातो. मुद्दाम न्हाई. तसं शिकवलंय."

"मग हे आधी नाही का सांगायचं, काका!" ती उठली. "बँडवाले, सनईवाले येतात की आमच्याकडं. सांगितलं की झालं. नळी ओठात नाही धरायची, आत घ्या, दातांत. जीभ खाली. आणि आता फुंकर नाही मारायची; खोकल्यासारखा श्वास सोडायचा. मी टाळी वाजवली की."

तिनं टाळी वाजवली. मी सोडला. श्वास गेला, गेला, आणि मी कधी पोचलो नव्हतो तिथं पोचलो. गळ्याची शीर तटतटली, डोळ्यांपुढं अंधार आला. पोटावरचा हात नव्हता.

"बघा!" रेश्मा म्हणाली. "केवढा फरक पडला. एवढंच तर सांगायचं होतं."

एवढंच सांगायचं होतं.

मी पडदा सारून बाहेर आलो. वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली होती. मला बसायला जागा करून दिली आणि सहज विचारलं, "फुंकर नीट मारली ना भावजी?"

नऊ वर्षांपूर्वीचेच शब्द. त्यांना ते आठवत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. समोरून लोक जात होते, येत होते, कुणी हातात फोटोचं मोठं पाकीट घेऊन, कुणी लहान मुलाला कडेवर घेऊन.

"मी मारली वैनी," मी म्हणालो. "अण्णानं मारली नव्हती."

आणि मग सगळं सांगितलं. कॅलेंडरचं पान, शीर, नजर, जिना, माघातली ती दुपार. अण्णानं सांगू नकोस म्हटलेलंही सांगितलं. त्या ऐकत होत्या. पिशवीचा बंद बोटाभोवती फिरत होता. मी थांबलो, तेव्हा त्या बाकावरून उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "साडेचारची यष्टी हाय."

यष्टीत त्या पुढच्या बाकावर बसल्या, मी मागच्या. घरी आल्यावर त्यांनी भाकरी केली, वाढली. कालवण तेच, मीठ बेताचंच.

पहाटे मी नगारखाना चढलो. नगाऱ्याचं बटण दाबलं नाही. सनई ओठाला लावली आणि सूर धरला. पूर्वेला अजून काही फुटलं नव्हतं. मी कान खाली लावून बसलो होतो, अंगणाकडं.

गाल भरले, नाकानं श्वास ओढला, परत गाल भरले. सूर न तुटता चालला होता. पाखरं बोलायला लागली. गाभाऱ्यात पुजाऱ्यानं निरांजन लावलं, त्याचा उजेड उंबऱ्यापर्यंत आला. आरती झाली, घंटा थांबली.

मी सूर धरूनच होतो. खाली केरसुणीचा आवाज आला नाही.